खड्ड्याकाठचं जेवण

…आणि वर मलाच विचारतो, "रस्ता काय तुमच्या घरचा आहे का?" म्हणजे बघा, तुम्हाला सांगतो, अर्धा दिवस वॉर्ड ऑफिसात बाकावर बसवून ठेवलं, मध्ये दोनदा जेवायची सुट्टी घेतली, एकाच दिवसात दोनदा जेवायची सुट्टी, मी स्वतः सरकारी नोकरीत होतो, मला कधी जमलं नाही, आणि शेवटी साहेब येतात, खुर्चीवरची उशी झटकतात, बसतात, आणि मला विचारतात, रस्ता काय तुमच्या घरचा आहे का. नाही हो. घरचा कसा असेल? घरासमोरचा आहे. घरचा असता तर मी असा उकरून ठेवला असता का? पण जाऊ दे. माझं काही म्हणणं नाही.

तुम्ही म्हणाल, हा माणूस सुरुवातीपासून का सांगत नाही. सांगतो. सुरुवात शिंप्यापासून होते.

आमची गल्ली तुम्ही पाहिली नसेल, पाहण्यासारखी नाहीच. तोंडाशी इस्त्रीवाला. त्याच्या पुढे किराणावाला, याच्याकडे काहीही मागा, साबण मागा, साखर मागा, "अरेरे, कालच संपलं." आता हा काल नेमका कधी असतो? मला एकदा कालच जायचंय त्याच्या दुकानात. मग औषधवाला, तो डॉक्टरांपेक्षा जास्त प्रश्न विचारतो आणि तेही मोठ्याने, चारचौघांत. आणि मग आमची इमारत, वर आम्ही, खाली शिंपी. माणूस चांगला. पँट बोटभर आखूड शिवायचा, पण सगळ्यांचीच शिवायचा, त्यामुळे गल्लीत कोणाला लाज वाटायची नाही. तर तो डोळ्यांनी थकला, लेकीकडे राहायला गेला, आणि दुकानाला टाळं लागलं.

आता तिथे काय येणार? गल्लीत दुसरा विषय नाही. इस्त्रीवाला म्हणाला, फोनची कव्हरं येणार. फोनच्या कव्हरांची आमच्याकडे आधीच तीन दुकानं. म्हणजे माणसाचे कपडे शिवायला शिंपी नाही, आणि फोनला मात्र तीन ठिकाणी नवे कपडे. याला विकास म्हणतात. म्हणू देत. माझं काही म्हणणं नाही.

एक दिवस मी पेपर वाचत बसलोय आणि आमची ही स्वयंपाकघरातून म्हणते, "अहो, खालचं दुकान बाळ घेतोय."

बाळ म्हणजे माझा मेव्हणा. हिचा धाकटा भाऊ. वय चाळिशीच्या पुढे, डोक्यावर अर्धं टक्कल, पण नाव बाळ, कारण हिची आई लवकर गेली आणि हिनेच त्याला वाढवला, भरवला, शाळेत घातला, आणि हिच्या दृष्टीने तो अजून पाटी घेऊन दाराशीच उभा आहे. विम्याच्या कंपनीत चांगली नोकरी होती. लोकांना मरणाची भीती घालायची आणि संध्याकाळी वेळेवर घरी यायचं. ती सोडली. का? तर त्याला हॉटेल काढायचंय. स्वयंपाकाचा कसलासा अभ्यासक्रम करून आला होता, होती नव्हती ती साठवण घातली, आणि शिंप्याच्या दुकानाला काळा रंग मारला. आतून. काळा. मी म्हटलं, बाळ, अरे अंधार आधीच आहे तिथे. तर म्हणतो, "भावोजी, वातावरण आहे ते."

हॉटेलचं नाव काय? 'मंद आच'. किराणावाल्याने पाटी वाचली आणि विचारलं, गॅस संपत आलाय का?

आणि जेवण… आता मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालोय हे लक्षात घ्या. आयुष्यभर लोकांचे तराजू पाहिलेत. माझ्यासमोर ताट आलं की मला आपोआप कळतं, किती आहे आणि किती असायला हवं होतं. तर माझ्यासमोर आला दगडाचा तुकडा. ताट नाही, फरशी. बाथरूममध्ये बसवतात तसली, काळी. तिच्यावर मधोमध मुळ्याच्या दोन चकत्या, एक पान, आणि बाजूला काहीतरी सांडल्यासारखं. मी फडक्याने पुसायला गेलो तर बाळ ओरडला, भावोजी, तो सॉस आहे. पदार्थाचं नाव, तुम्हाला खोटं वाटेल, 'मुळ्याच्या आठवणी'. नंतर भोपळ्याचं सूप, ते औषधाच्या मापाएवढ्या ग्लासात. मग 'बटाटा, तीन भावांत'. तीन भाव म्हणजे तीन फोडी. एक तळलेली, एक उकडलेली, एक जळलेली. मी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिन्ही भाव गिळले आणि म्हटलं, वा. चव, खरं सांगतो, वाईट नव्हती. पण चव कळेकळेपर्यंत पदार्थ संपायचा. घरी येऊन मी गुपचूप दूध-पाव खाल्ला. ही समोर येऊन बसली. तिनेही पाव घेतला.

पण लोक येतील, असं वाटत होतं. नवीन काही निघालं की लोक बघायला तरी येतात. उद्घाटनाला बरे आले. दुसऱ्या दिवशी थोडे आले. आणि त्याच आठवड्यात, सकाळी, आमच्या गल्लीत पिवळं यंत्र आलं.

तुम्हाला माहीत असेल ते यंत्र. पुढे दात असतात त्याला. आलं, थांबलं, 'मंद आच'च्या बरोबर समोर दात टेकवले आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच्या तोंडापासून आमच्या इमारतीच्या पुढपर्यंत माणूसभर खोल चर. सांडपाण्याची नवी वाहिनी. फलक लावला, 'नागरिकांच्या सोयीसाठी. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' म्हणजे सोय पण माझी आणि गैरसोय पण माझीच, आणि दिलगीर कोण, तर खाली सही नाही. दुकानात जायला फळी टाकली. एक फळी. इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायला लोक फळीवरून जातील हो, नाइलाज असतो. पण मुळ्याच्या आठवणी काढायला कोण जाईल? एक जोडपं आलं होतं, नवं लग्न झालेलं, नटूनथटून. बाईंच्या सँडलची टाच फळीच्या फटीत अडकली. नवऱ्याने ओढली. टाच तिथेच राहिली, बाई पुढे आल्या. मग त्या एका पायावर उभ्या आणि नवरा चरात उतरून टाच शोधतोय. जेवले नाहीत. बाळने आतून सगळं पाहिलं. तो दारापर्यंत हात जोडून आला होता, तसाच मागे फिरला.

मग मी वॉर्ड ऑफिसला जायला लागलो. तेच ते, रस्ता काय तुमच्या घरचा आहे का. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेलो. कधी काय, तर पाइप आले नाहीत. मग पाइप आले, तर ते जाडीला कमी. मग मोठे आले, तर चर अरुंद. साहेबांचा आवाज एवढा शांत, एवढा शांत, की आपल्यालाच अपराधी वाटावं. "काका, काम पूर्ण झालं की पूर्ण होईल." मी म्हटलं, हे तर मलाही सांगता आलं असतं. म्हणाले, "मग आलात कशाला?" माझं काही म्हणणं नाही.

आणि इकडे हिच्या डोक्यात निघालं की रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही. चार माणसं बसलेली दिसली तरच पाचवा येतो. आता चार कुठून आणणार? आम्ही दोघं. "अहो, रोज संध्याकाळी आपण खिडकीत बसायचं. आणि जरा हसत जेवा." हसत जेवा. तुम्ही कधी हसत जेवून बघा. मला इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसवायची, कापडाच्या दुकानात पुतळा बसवतात तसा, आणि समोर ती फरशी. आणि बघायला कोण? गल्लीत माणूस नाही. माणसं फक्त चरात. म्हणजे दृश्य असं की खिडकीच्या आत मी, हसत, मुळ्याची चकती कापतोय, आणि खिडकीच्या बाहेर, बरोबर उंबऱ्याच्या पातळीला, ओळीने डोकी. कामगारांची. फावडं थांबवून, एकटक.

रोज. मी कापायचो, ते बघायचे.

त्यांची एक मुकादमबाई होती. बाई म्हणजे काय, चांगली धिप्पाड, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि आवाज असा की यंत्र चालू असलं तरी बोलायला तिला ते बंद करावं लागायचं नाही. एका संध्याकाळी मी ग्लासातलं सूप चमच्याने खातोय, म्हणजे हसत खातोय, आणि ती खालून वर आली, खिडकीच्या कडेला कोपर टेकलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाली, "काका, आजारी आहात का हो?"

मी म्हटलं, नाही, का?

"नाही, रोज एवढंसंच देतात तुम्हाला. पोटाचं काही असेल तर आमच्या सासऱ्यांनाही होतं. मनाला लावून घेऊ नका."

आत बाळ उभा होता. माझ्या मागेच. हातात दुसरी फरशी घेऊन. त्याने ती टेबलावर ठेवली, अगदी अलगद, आणि आत गेला. त्या दिवशी त्याने आम्हाला बटाट्याचा तिसरा भाव आणून दिलाच नाही. हिने मुकादमबाईकडे असं पाहिलं… मी त्या नजरेखाली कित्येक वर्षं काढलीत, मला माहितीये. पण ती बाई ढिम्म. खाली उतरली आणि परत खणायला लागली.

आता दुष्काळात तेरावा महिना म्हणजे काय ते ऐका. त्यांनी गल्लीचं दुसरं टोकही खणलं. म्हणजे या बाजूने गाडी येत नव्हती, आता त्या बाजूनेही बंद. आणि त्यांचं दुपारचं जेवण यायचं टेम्पोतून, त्या दुसऱ्या टोकाने. स्वतःच खणून ठेवलं. आता आपलाच रस्ता आपणच खणल्यावर जेवण कुठून येणार, हे आधी कळायला नको? पण ही अक्कल ऑफिसातून येते, चरातून नाही. टेम्पो लांबच्या नाक्यावर अडकला, जेवण तिथेच कुठेतरी निवलं, आणि दुपार टळून गेली तरी माणसं उपाशी. त्या दिवशी मुकादमबाई फळीवरून आली, हेल्मेट काढून काखेत धरलं आणि 'मंद आच'च्या दारात उभी राहिली.

बाळ पुढे झाला. मी होतोच तिथे, खिडकीत. हिने दुपारीही बसवायला सुरुवात केली होती. बाळ तिच्याशी अगदी अदबीने बोलला, कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, वाचायला वेळ नाही, जे आहे ते आणा, आधी मी बघते मग पोरांना बोलावते. बाळने त्याचं सगळ्यात आवडतं आणलं. मुळ्याच्या आठवणी. ती टेबलाशी बसली, फरशी हाताने उचलून खालून पाहिली, परत ठेवली. दोन्ही चकत्या एकदमच तोंडात टाकल्या. चावल्या. बोटाने सॉस पुसून घेतला. मग म्हणाली,

"छान. आठवण झाली. आता जेवायला द्या."

तुम्हाला सांगतो, मला हसू आलं होतं, पण मी बाळकडे पाहिलं आणि गिळलं. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. त्या क्षणी, अगदी खरं, तो दाराशी पाटी घेऊन उभाच होता. आणि तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. आमची ही उठली. बाह्या वर सारल्या आणि आत स्वयंपाकघरात गेली. आतून आवाज यायला लागले, भांड्यांचे. आधी छोट्या भांड्यांचे, मग कुठूनतरी मोठ्या भांड्याचा. ते मोठं भांडं आमच्या घरचं होतं, मला वर पिटाळलं ते आणायला. एवढं मोठं पातेलं डोक्यावर घेऊन मी जिना उतरतोय आणि औषधवाला विचारतोय, मोठ्याने, "काय हो, गुडघ्याला चालतं का हे असं?"

भात केला. डाळ केली. बटाट्याचा रस्सा केला, सगळे बटाटे एकाच भावात. अंडी उकडली. बाळ आधी नुसता बाजूला उभा होता, मग कांदा चिरायला लागला, आणि कांदा काय चिरला त्या पोराने, पाऊस पडल्यासारखा. शिकला होता ना, हात चालत होता. मग कामगार वर आले, चराच्या कडेला पाय चिखलातच सोडून ओळीने बसले, आणि ताटं कमी पडली म्हणून, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या काळ्या फरश्यांवर भाताचे ढीग वाढले. पहिल्यांदा त्या फरश्या झाकल्या गेल्या. कोणी बोलत नव्हतं. एवढी माणसं जेवताना कोणी बोलत नाही, तो आवाज वेगळाच असतो, तुम्ही ऐकलाय का कधी? मुकादमबाईने तिसऱ्यांदा भात घेतला आणि बाळला म्हणाली, "भाऊ, उद्या काय आहे?"

उद्या काय आहे. एवढंच. पण बाळ आत गेला आणि मागच्या पायरीवर बसला. ही भांडी घासत होती, म्हणून मला खुणावलं, जा. मी गेलो. आता अशा वेळी काय बोलतात मला येत नाही. माझं आयुष्य दुसऱ्याच्या मापात खोट काढण्यात गेलंय. मी शेजारी बसलो. त्याने बोटांना चिकटलेली कांद्याची सालं काढली. मग म्हणाला, "भावोजी, खरं सांगा. माझं जेवण कसं होतं?"

बघा, या प्रश्नाची मी किती दिवस वाट पाहत होतो. सगळं तोंडपाठ होतं माझं. भोपळा, माप, फरशी, वातावरण. आणि आयत्या वेळी काही आठवेना. मी म्हटलं, "चांगलं होतं रे. पोटापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच."

तो हसला. मग डोळे पुसले, म्हणाला, कांदा. मी म्हटलं, हो, कांदाच.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते काय विचारता. दुपारी कामगार. मग पाइपच्या ट्रकवाले, ते तर नाक्यावर ट्रक लावून चालत यायचे. मग इस्त्रीवाला डोकावला, मग औषधवाला, आणि एक दिवस किराणावाला आला आणि बाळने त्याला सांगितलं, "अरेरे, कालच संपलं." हे मात्र मी शिकवलं होतं. काळ्या भिंतींना पांढरा रंग दिला, बाकं टाकली, पाटी तीच ठेवली पण 'मंद' हा शब्द भिंतीवरून नव्याने नेलेल्या पाइपमागे गेला, आता नुसतं 'आच' दिसतं. बाळ बनियनवर, खांद्यावर फडकं, ओरडतोय, "रस्सा कोणाला? तुम्हाला तिखट चालत नाही, तुम्ही बसा, तुमचं वेगळं काढलंय." कोणाला काय चालतं ते सगळं तोंडपाठ. विम्याच्या कंपनीत याला शेजारच्या टेबलावरच्याचं नाव माहीत नव्हतं. आणि ही? ही संध्याकाळी थकून वर यायची आणि झोपेत हसायची. आणि मी? माझी खिडकीतली खुर्ची गेली. गिऱ्हाईक आलं की मला उठवायचे. "भावोजी, जरा." जरा म्हणजे उभ्याने. सख्खा मेव्हणा, स्वतःच्या इमारतीखाली, आणि मी भिंतीला टेकून डाळ पितोय. चालायचंच. माझं काही म्हणणं नाही.

पण वॉर्ड ऑफिसला जाणं मी सोडलं नव्हतं हो. सवय लागते. दर सोमवारी जायचं, बाकावर बसायचं, रस्ता कधी होणार विचारायचं, उत्तर ऐकायचं, यायचं. मला काय माहीत, कुठल्या घटकेला काय मान्य होईल?

मान्य झालं ना. एके दिवशी सकाळी उठून पाहतो तर चर बुजलेला. वर खडी, मग डांबर, रूळ फिरतोय. दोन दिवसांत रस्ता असा गुळगुळीत की त्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. नगरसेविका आल्या, फीत कापली, मला पुढे बोलावलं, म्हणाल्या, या जागरूक नागरिकाच्या पाठपुराव्यामुळे. टाळ्या. माझ्या हातात फुलं. मी मागे वळून पाहिलं तर हॉटेलच्या दारात ही आणि बाळ, दोघंही टाळ्या वाजवत नव्हते. मुकादमबाई आदल्या दिवशी शेवटची जेवून गेली होती. जाताना बाळला म्हणाली होती, आता दुसरीकडे खणायचंय, तिकडे असं मिळायचं नाही. हेल्मेटमध्ये चपात्या बांधून नेल्या तिने.

आणि मग… शांतता. रस्ता चांगला झाला म्हणजे काय झालं, तर गाड्या सुटल्या. इकडून आल्या, तिकडून गेल्या, सूं करून. थांबायला कोणाला जागा नाही, कडेने 'थांबू नये' असं रंगवलेलं. कामगार गेले, ट्रकवाले गेले. गल्लीतल्या लोकांच्या वाटा मोकळ्या झाल्या, ते पुन्हा आपापल्या घरी जेवायला लागले, घरच्यांनाही तोंड दाखवावं लागतं. बाळ आधी भरलेलं पातेलं चढवायचा, मग अर्धंच चढवायला लागला, मग पाव. एका संध्याकाळी मी खाली गेलो तर तो कपाटातून त्या काळ्या फरश्या काढून पुसत बसला होता. ते मात्र मला बघवलं नाही.

त्या दिवशी जेवताना ही म्हणाली, "अहो, तुम्ही जरा ऑफिसात जाऊन या ना."

मी म्हटलं, कशाला? रस्ता झाला ना.

"तेच सांगून या."

"काय सांगू?"

"चांगला झाला नाही म्हणावं."

आता तुम्हीच सांगा. चांगल्या रस्त्याची तक्रार कशी करतात? मी गेलो. मला पाहिल्याबरोबर साहेब उभेच राहिले, म्हणजे भीतीने. स्वतः खुर्ची दिली, चहा सांगितला. "काका, झाला ना मनासारखा? आता काय?" मी म्हटलं, रस्त्याबद्दल बोलायचंय. काय खराबी आहे? मी विचार केला, खोटं कसं बोलू, मापात पाप मी कधी केलं नाही. म्हटलं, खराबी काहीच नाही, तीच अडचण आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि कुजबुजले, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मी गप्प. मी अशा वेळी गप्प बसतो, खात्यात शिकलोय. तर म्हणाले, "काका, आरडाओरडा करू नका. चूक आमची नाही. सांडपाण्याचं झालं, पण पिण्याच्या पाण्याची लाइन खाली घालायचीच राहिली. ते दुसरं खातं आहे. ते आता परत खणणार."

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, साहेब, तुमचे फार उपकार झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऑफिसातून मी असा हसत बाहेर पडलो आणि साहेब दारापर्यंत सोडायला आले, त्यांना वाटलं असणार, म्हातारा सटकला शेवटी.

झालं. यंत्र आलं. ठेकेदार तोच, मुकादमबाई तीच. फळीवरून आत आली आणि बाळला म्हणाली, भाऊ, मोठं पातेलं आहे ना अजून? गल्लीत सगळे कपाळाला हात लावून, पाणी बंद, धूळ, इस्त्रीवाल्याचे पांढरे शर्ट पिवळे, मलाही खालून बादल्या भरून वर चढवाव्या लागतात, गुडघे बोलतात. आणि लोक येतात कोणाकडे? माझ्याकडे. तुम्ही जागरूक नागरिक, तुम्ही पाठपुरावा करा. करतो म्हणतो. अर्ज लिहून खिशात ठेवलाय, धुवायलाही गेला दोनदा.

पण गेल्या आठवड्यात काय झालं ऐका. साहेबांची बदली झाली. जागेवर आल्या एक तरुण इंजिनिअर बाई. कामसू, प्रामाणिक, डोळ्यांत तेज, आत्ताच कॉलेजातून बाहेर पडल्यासारख्या. त्यांनी आल्या आल्या जुन्या तक्रारी काढल्या, बहुतेक सगळ्या माझ्याच, आणि कालपरवा भर दुपारी त्या स्वतः, पायी, फळीवरून, मला शोधत हॉटेलात आल्या. हॉटेल गच्च भरलेलं. मी भिंतीला टेकून. त्या सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला फार त्रास झाला, मी माफी मागते. मी शब्द देते, महिन्याच्या आत हा चर बुजवून रस्ता पक्का करून देईन."

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी आयुष्यात एकदा तरी ऐकावं म्हणून किती बाकांवर बसलोय. अधिकारी आपल्या दारी येतो, माफी मागतो, शब्द देतो, आणि दिसतंय की पाळणार आहे. आणि हॉटेलात सगळे घास थांबले. मुकादमबाईचा हात ताटातच. बाळ डाव तसाच धरून उभा. आतल्या खिडकीतून ही बघतेय. एवढं मोठं सरकार एकदा स्वतःहून चालत आलंय आणि मला उत्तर द्यायचंय.

मी भिंतीपासून सरळ झालो. कोणालातरी उठवून खुर्ची ओढली, फडक्याने पुसली, आणि म्हटलं, "बाई, तुम्ही आधी बसा. गरम भात आहे, जेवून घ्या. रस्ता काय… होईल हळूहळू."